मोटारसायकलच्या मीटरची काच काळवंडते तेव्हा

वैशाखातल्या दुपारी उघड्यावर उभी राहिलेली मोटारसायकल सायंकाळी सुरू करावी, इंजिनाने नेहमीप्रमाणे साद द्यावी, आणि वेग, इंधन, घड्याळ व एकूण धाव ज्या एकाच काचेवर उमटावयाची ती काच मात्र काळ्या डागाखेरीज काही दाखवीनाशी व्हावी, ही तक्रार आता गॅरेजवाल्यांच्या चांगल्या परिचयाची झाली आहे. ‘मीटर गेला, नवा टाका’ असा निकाल तिच्यावर तत्काळ दिला जातो, आणि आपल्या गाडीचे सारे ज्ञानच लयास गेले अशा समजुतीने मालक संपूर्ण संचाची किंमत मोजण्यास मुकाट्याने तयार होतो. वस्तुतः बहुतेक प्रसंगी यंत्राचे ज्ञान शाबूत असते. बिघडलेली असते ती ते ज्ञान डोळ्यांपर्यंत पोहोचविण्याची सोय, आणि या सोयीचा जो घटक निकामी झालेला असतो तो अनेकदा कागदाहून फारसा जाड नसतो. तपासणीवाचून दिलेला असा निकाल मला अन्यायाचा वाटतो, आणि म्हणून या काचेच्या आत काय घडते याची कैफियत सविस्तर मांडणे अगत्याचे आहे.

जुन्या काट्याच्या वेगमापकात जाणणे आणि सांगणे ही दोन्ही कामे एकाच रचनेकडे असत. स्ट्रासबर्गच्या ओटो शुल्झे यांनी १९०२ साली ज्या युक्तीचे पेटंट घेतले, तीत चाकापासून निघालेली लवचीक केबल एका लोहचुंबकाला फिरवी. त्या फिरत्या चुंबकामुळे शेजारच्या धातूच्या वाटीत आवर्त विद्युत्प्रवाह निर्माण होत आणि ते वाटीला चुंबकाच्या मागोमाग ओढू पाहत. एक बारीक स्प्रिंग तिला आवरून धरी. आणि ओढ व आवर यांचा समतोल ज्या कोनावर साधे तो कोनच काटा दाखवी. बॅटरीची तीत गरज नव्हती, आणि बिघाड झालाच तर तो बहुधा केबल तुटण्याचा असे, जी तालुक्याच्या गावीही सहज मिळे.

आजच्या मीटरात ही साखळी पुष्कळ लांबली आहे. चाकाशी किंवा गिअरबॉक्सशी बसविलेला संवेदक, म्हणजे आपल्या मेकॅनिकांचा ‘स्पीड सेन्सर’, समोरून जाणाऱ्या प्रत्येक दात्यागणिक एक विद्युत्स्पंद पाठवितो, आणि आतली लहानशी चिप ते स्पंद मोजून चाकाच्या परिघावरून वेग काढते. १७ इंची रिमवर १००/९० मापाचा टायर असेल तर परीघ सुमारे १.९२ मीटर भरतो, म्हणजे ताशी ६० किलोमीटर वेगाला ते चाक सेकंदाला पावणेनऊच्या आसपास फेरे घेते. एकूण धावेचा आकडा, बॅटरी काढून ठेवली तरी पुसला जात नाही अशा स्मृतीत लिहिला जातो. अनेक नव्या गाड्यांत, बॉश कंपनीने १९८६ साली जगापुढे मांडलेल्या ‘कॅन’ या पद्धतीने, इंजिन, ब्रेक आणि मीटर एकमेकांभोवती पिळलेल्या दोन तारांवरून परस्परांना खबर देत असतात. काच या साऱ्या साखळीचे अखेरचे टोक आहे. ती आंधळी झाली तरी मागचे स्पंद मोजले जातातच आणि किलोमीटरांची नोंद बिनबोभाट चालूच राहते.

त्या काचेचा इतिहास मोटारीपासून फार दूर, वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सुरू होतो. १८८८ साली प्राग येथे फ्रीड्रिख रायनिट्झर हा वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरात आढळणाऱ्या कोलेस्टेरॉलच्या एका संयुगाचा अभ्यास करीत असता, ते १४५.५ अंश सेल्सिअसला वितळून गढूळ द्रव होते आणि १७८.५ अंशांना पुन्हा एकदा, जणू दुसऱ्यांदा वितळावे तसे, नितळ होते, असे त्याच्या निदर्शनास आले. हा गढूळ द्रव म्हणजे काय, याचा उलगडा करण्याचे काम ओटो लेमान या भौतिकशास्त्रज्ञाने हाती घेतले, आणि द्रवाप्रमाणे वाहणारा, परंतु स्फटिकाप्रमाणे आपल्या रेणूंची दिशा राखणारा असा पदार्थ विज्ञानाच्या दप्तरी दाखल झाला. पुढे जवळजवळ ८० वर्षे हा द्रवस्फटिक कुतूहलाचाच विषय राहिला. १९६८ साली अमेरिकेत आरसीए कंपनीच्या जॉर्ज हाइलमायर यांनी त्यापासून आकडे दाखविणारे पहिले पटल जाहीर केले. १९७० साली बाझल येथे मार्टिन शाट आणि वोल्फगांग हेल्फरिश यांनी आज मोटारसायकलींच्या साध्या मीटरांत वापरली जाते ती पिळलेल्या रेणूंची रचना शोधली. आणि १९७३ साली इंग्लंडमधील हल विद्यापीठाच्या जॉर्ज ग्रे यांनी सामान्य तापमानाला टिकाव धरणारी संयुगे उपलब्ध करून दिली, ज्यांच्यावाचून ही सारी कल्पना कागदावरच राहिली असती. या क्षेत्रात भारताचाही मोलाचा वाटा आहे: बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९७७ साली चकतीच्या आकाराच्या रेणूंचे द्रवस्फटिक प्रथम दाखवून दिले, हे आपल्या वाचकांना अभिमानाने सांगावयास हवे.

शाट आणि हेल्फरिश यांच्या रचनेत दोन काचांमध्ये, मिलिमीटरचा जेमतेम शंभरावा हिस्सा भरेल एवढ्याच फटीत, हा द्रव कोंडलेला असतो. वरच्या काचेला चिकटलेले रेणू एका दिशेस आणि खालच्या काचेला चिकटलेले तिच्याशी काटकोनात पहुडलेले असल्याने मधल्या रेणूंचे थर चक्री जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे क्रमाक्रमाने वळत जातात, आणि त्यांच्यातून जाणाऱ्या प्रकाशाचे कंपनही त्यांच्याबरोबर ९० अंशांनी वळते. काचांच्या बाहेरच्या अंगास दोन ध्रुवक पातळ पडद्यांच्या रूपाने चिकटविलेले असतात, आणि प्रत्येक पडदा एकाच दिशेच्या कंपनाला वाट देतो. दोन्ही पडदे परस्परांशी काटकोनात असतील तर वळलेला प्रकाश पार होतो आणि काच उजळ दिसते. परंतु काचेवरील अदृश्य विद्युत्-अग्रांना दोन-तीन व्होल्टचा दाब मिळताच तेथले रेणू उभे राहतात, प्रकाशाचे वळणे थांबते, आणि तेवढाच भाग काळा दिसतो. आकड्याची प्रत्येक रेघ अशी उमटते. हा दाब सतत उलटसुलट केला जातो, कारण एकदिश प्रवाह दीर्घकाळ मिळाल्यास द्रवाचेच रासायनिक विघटन होऊ लागते.

आता काळ्या डागाकडे वळू. काच असह्य तापली तर द्रवस्फटिक आपली शिस्त सोडून साधा द्रव बनतो, जिना मोडतो, आणि काच सरसकट काळी पडते. गाडी सावलीत उभी केल्यावर तासाभरात आकडे परत आले तर रोग हाच होता असे समजावे आणि काहीही बदलू नये. डाग कायम राहिला तर मात्र संशय ध्रुवकावर घ्यावा. अमेरिकेत एडविन लँड यांनी १९३८ च्या सुमारास सिद्ध केलेल्या पद्धतीने, ताणलेल्या प्लॅस्टिकच्या पापुद्र्यात आयोडीन मुरवून हा पडदा बनतो, आणि प्रकाशाचे कंपन निवडण्याचे सारे सामर्थ्य त्या आयोडिनाच्या सरळ साखळ्यांत असते. ऊन, उष्णता आणि दमटपणा हे तिन्ही त्या साखळ्यांचे शत्रू होत. आयोडीन निघून गेले तर आकडे फिके पडून नाहीसे होतात. पापुद्रा करपला तर तो तपकिरी-काळा होतो. त्याच्या संरक्षक थराचे विघटन झाले असेल तर मीटर उघडताच व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. पडद्याची परीक्षा घरीही होऊ शकते. पोलरॉइडचा गॉगल काचेसमोर धरून सावकाश फिरवावा: वरचा पडदा धड असलेल्या भागात प्रकाश एका कोनावर जवळजवळ नाहीसा होतो, आणि पडदा निकामी झालेल्या भागात तसा फरक पडत नाही.

यावरचा उपाय तुलनेने अल्पखर्चाचा आहे. ध्रुवकाचे पत्रे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या किंवा पुण्याच्या बुधवार पेठेसारख्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारांत मिळू शकतात. मीटर उघडून करपलेला पडदा बोथट पात्याने सोलावा, चिकटलेला गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा, आणि नवा पत्रा कापण्यापूर्वी तो काचेवर नुसता ठेवून, मीटर चालू करून, फिरवून पाहावा. योग्य कोनावर काळे आकडे स्पष्ट उमटतात आणि तेथून ९० अंश फिरविताच तेच आकडे काळ्या पार्श्वभूमीवर उजळ दिसू लागतात. भौतिकशास्त्राच्या पुस्तकातील ध्रुवणाचा धडा इतक्या थोड्या साधनांनी हातात देणारा दुसरा प्रयोग मला ठाऊक नाही, आणि आयटीआयच्या विद्यार्थ्यांकडून तो आवर्जून करवून घ्यावा असे मला मनापासून वाटते. काचेवर जोर मात्र देऊ नये. ती फुटली की द्रव गेला आणि मग दुरुस्तीचा प्रश्नच उरत नाही.

सर्वांत घातक बिघाड मात्र काळ्या डागाचा नसून एखाददुसऱ्या रेघेचा आहे. काच आणि खालची सर्किटची पट्टी यांना जोडणारी रबराची एक ‘झीब्रा’ पट्टी असते, जीत वाहक आणि अवाहक थर आलटून पालटून असतात. गाडीच्या कंपनाने किंवा स्क्रू सैल झाल्याने तिचा दाब कमी झाला की काही रेघा गायब होतात. सात रेघांनी बनणाऱ्या इंग्रजी आठाच्या आकड्यातील उजवीकडची वरची रेघ गेली तर तो सहा दिसतो. ताशी ८० च्या वेगाने जाणाऱ्याला ६० दाखविणारा मीटर हा बंद पडलेल्या मीटरपेक्षा कितीतरी अधिक धोक्याचा, कारण बंद मीटरवर कोणी विश्वास ठेवीत नाही. चावी फिरविताच अनेक गाड्यांत सर्व रेघा क्षणभर एकदम उजळतात. तो क्षण याच तपासणीसाठी दिलेला आहे.

काच संपूर्ण कोरी असेल, तिच्यामागचा दिवाही लागत नसेल, तर काचेला दोष देण्यापूर्वी वीज पोहोचते की नाही हे पाहावे. फ्यूज, मीटरमागचा कपलर, त्यातील हिरवट गंज, आणि चासीला घट्ट बसविलेली अर्थिंगची तार या क्रमाने जावे. मल्टिमीटरवर इंजिन बंद असता चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असता १३.५ ते १४.५ व्होल्ट दाखविते. हा आकडा १५ च्या वर जात असेल तर चार्जिंगचा रेग्युलेटर बिघडलेला आहे, आणि तो न बदलता बसविलेला नवा मीटरही त्याच वाटेने जाण्याचा संभव आहे. स्टार्टर दाबताच घड्याळ पुन्हा प्रारंभावर येत असेल तर दुबळ्या बॅटरीचा दाब त्या क्षणी इतका घसरतो की चिप नव्याने सुरू होते. बाकी सारे दिसते आणि वेग तेवढा शून्यावर अडकतो, तेव्हा दोषी स्पीड सेन्सर किंवा त्याची तार. पावसाळ्यात काचेआड जमणारे धुके हे हवेच्या आकुंचनाचे फळ होय: उन्हात ६० अंशांना तापलेला बंद मीटर सरीने २५ अंशांवर आला की आतला दाब सुमारे १० टक्क्यांनी उतरतो आणि फटीतून दमट हवा आत ओढली जाते. गाडी धुताना पाण्याचा जोरदार फवारा मीटरवर सोडण्याची रीत म्हणूनच सोडून द्यावी.

दुरुस्ती होईपर्यंत गाडी बहुधा चालते, कारण इंजिनाचे नियंत्रण वेगळ्या पेटीत असते. मात्र ज्या गाड्यांत चावी ओळखण्याची यंत्रणा मीटरशी जोडलेली आहे त्या सुरूच होणार नाहीत. तरीही गाडी दुरुस्तीच्या ठिकाणापलीकडे दामटू नये. १२५ सीसीहून मोठ्या दुचाकींना २०१९ पासून सक्तीच्या झालेल्या एबीएसचा इशारा आणि इंजिनातील दोषाचा दिवा हेही याच संचात असतात, आणि ते दिसेनासे झाले की गाडीचे दुखणे कळण्याचा मार्गच बंद होतो. शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील ११७ व्या नियमान्वये वेगमापक असणे बंधनकारक आहे. तेवढ्या प्रवासापुरता वेग जाणण्यासाठी महामार्गावरील २०० मीटरचे दगड उपयोगी पडतात: मागे बसलेल्याने घड्याळ पाहावे, दोन दगडांमध्ये १८ सेकंद लागले तर वेग ताशी ४० आणि १२ लागले तर ६०. इंधनाचा अंदाज मात्र टाकीचे झाकण उघडूनच घ्यावा.

भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि तिच्या कक्षेत मोटार वाहनांचाही समावेश केला, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु मीटरचा संच सुट्या भागांत, म्हणजे ध्रुवक, काच, झीब्रा पट्टी असा निरनिराळा मिळावा, ही तजवीज कारखानदारांनी केल्याखेरीज त्या हक्काला अर्थ येणार नाही. संपूर्ण संच बदलण्यावाचून गत्यंतर नसेल, तर नव्या मीटरात जुनी धाव लिहून देता येते का, हे सर्व्हिस सेंटरात आधी विचारावे, आणि येत नसेल तर जुना मीटर तेथे सोडून येऊ नये: त्याची काच आंधळी असली तरी स्मृती जागी असते, आणि पडदा बदलून किंवा तपासणीच्या यंत्राने तीतला अखेरचा आकडा काढून, मीटर बदलल्याची तारीख व पावती यांसह सर्व्हिसच्या पुस्तकात त्याची नोंद करून घेतली, म्हणजे पुढे गाडी विकताना दोन्ही आकड्यांची बेरीज खरेदीदारापुढे बिनदिक्कत ठेवता येते.