मुंबईहून आलेला ताप
इंटर्नशिपसाठी आपली मुले सहा-सहा महिने मुंबईला राहतात. पावसाळ्यात लोकल बंद पडली की गुडघाभर पाण्यातून खोली गाठतात. या पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळलेले असते. पायाच्या जखमेतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत याची साथ आली होती. ताप बहुधा ५ ते १४ दिवसांनी येतो. तोवर मूल सुट्टीला घरी आलेले असते! डोळे लाल, पोटऱ्या ठणकत असतील तर मी पहिला प्रश्न विचारतो, ‘साचलेल्या पाण्यातून चालला होतास का?’ वेळीच प्रतिजैविके दिल्यास रोगी बरा होतो. उशीर झाल्यास मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. तेव्हा पालकहो, नुसती तापाची गोळी देऊन वाट पाहू नका.