नखांची डायरी

मीटिंग लांबली की आपण काय करतो? स्वतःची नखं बघत बसतो. कुणी कुरतडतं, कुणी अर्धवट निघालेलं नेलपॉलिश खरवडतं. पण इतकं बघूनही आपण ती वाचत मात्र नाही. आणि नखं म्हणजे चक्क डायरी आहे! मागच्या पाच-सहा महिन्यांत शरीराने काय सोसलं, त्याची नोंद तिथे असते. पासवर्ड नाही, काही नाही.

गणित सोपं आहे. हाताचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं. मुळापासून टोकापर्यंत यायला त्याला सहाएक महिने लागतात आणि पायाच्या अंगठ्याच्या नखाला वर्ष-दीड वर्ष. म्हणजे आज नेलकटरने जो तुकडा उडवलात, तो सहा महिन्यांपूर्वी तयार झालेला! मध्यंतरी टायफॉइड, डेंग्यू किंवा चांगलाच जोराचा ताप आला असेल, तर तेवढे दिवस नख बनवण्याचं काम मंदावतं. मग काही आठवड्यांनी सगळ्या नखांवर आडवी खाच दिसायला लागते. बो नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी 1846 मध्ये या खाचांचं वर्णन केलं, म्हणून त्या 'बोज लाइन्स'. खाच मुळापासून 6 मिलिमीटरवर असेल तर दुखणं साधारण दोन महिन्यांपूर्वीचं. हिशेब संपला.

ही डायरी किती खरं बोलते, ते अलीकडे आमच्याच बाजूला दिसलं. मी मूळची परभणी जिल्ह्यातल्या सेलूची. आमच्याकडून जालना जिल्हा ओलांडला की बुलढाणा. तिथल्या शेगाव तालुक्यात, बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांमध्ये, डिसेंबर 2024च्या शेवटाला लोकांचे केस गळायला लागले. विंचरताना गळतात तसे नाहीत, हाताने ओढले की मुठीत येत होते. आठवडाभरात टक्कल! बायका, कॉलेजची मुलं, म्हातारी माणसं, सगळेच. लगेच 'टक्कल व्हायरस' असं नाव पडलं. कुणी पाण्याला दोष दिला, कुणी शाम्पूला. आयसीएमआरचं पथकही येऊन नमुने घेऊन गेलं. पुढे बऱ्याच जणांचे केस परत यायला लागले, तोवर एप्रिल 2025 मध्ये त्याच भागात नखं वेडीवाकडी व्हायला लागली. काहींची तर गळूनच पडली.

आधी केस आणि तीन-चार महिन्यांनी नखं, असं का? कारण केस महिन्याला सेंटिमीटरभर वाढतो आणि नख त्याच्या जेमतेम एक तृतीयांश. नख सावकाश बोलतं, पण बोलतं.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, म्हणजे विंचूदंशावरच्या उपचारांसाठी जगभर ओळखले जाणारे आणि 2022 मध्ये पद्मश्री मिळालेले, या प्रकरणामागे लागले. (ते मूळचे जालना जिल्ह्यातले, हे आम्ही मराठवाड्यातले लोक सांगितल्याशिवाय राहत नाही!) त्यांना रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम प्रचंड वाढलेलं आढळलं. त्यांनी बोट दाखवलं ते रेशनच्या, पंजाबातून आलेल्या गव्हाकडे. त्या गव्हात किलोमागे 14.52 मिलिग्रॅम सेलेनियम होतं, असं त्यांचं म्हणणं. जरा आकडेमोड करा. दिवसाला 300 ग्रॅम गव्हाच्या पोळ्या खाल्ल्या, तर पोटात 4 मिलिग्रॅमहून जास्त सेलेनियम. मोठ्या माणसासाठी सुरक्षित मानलेली वरची मर्यादा आहे 0.4 मिलिग्रॅम. दहापट! आणि रेशनचा गहू हे ज्यांचं मुख्य अन्न आहे, त्यांनी दुसरं खायचं काय?

सेलेनियम नखांवरच का उठतं? नख आणि केस दोन्ही केराटिनचे बनतात. केराटिनला घट्टपणा येतो तो गंधकाच्या दुव्यांमुळे. सेलेनियम हे गंधकाचं चुलत भावंड. ते जास्त झालं की गंधकाच्या जागी जाऊन बसतं, आणि बांधकाम कच्चं राहतं. असा चारा खाल्लेल्या जनावरांचे खूर गळतात, हे जनावरांच्या डॉक्टरांना कधीपासून माहीत आहे.

रेशनचा गहू आपण खात नाही, असं म्हणून पान उलटू नका. ऑफिसच्या ड्रॉवरमधली ती 'हेअर, स्किन अँड नेल्स'ची बाटली काढा. अशा बऱ्याच गोळ्यांमध्ये सेलेनियम असतं. 2008 मध्ये अमेरिकेत एका लिक्विड सप्लिमेंटमध्ये लेबलवर छापलेल्यापेक्षा सुमारे 200 पट सेलेनियम पडलं होतं आणि 201 जणांना त्रास झाला. केस गेले, नखं गेली. ज्यासाठी बाटली घेतली, तेच! याच गोळ्यांतल्या बायोटिनच्या मोठ्या डोसमुळे थायरॉइडची ब्लड टेस्ट चुकीची येऊ शकते, हेही कुणी सांगत नाही. टेस्टला जाताना डॉक्टरांना गोळ्यांचं नाव सांगा.

आता काही अफवा. नखावरचे पांढरे ठिपके म्हणजे कॅल्शियम कमी? नाही हो. बहुतेक वेळा कुठे तरी ठेचकाळलेलं असतं. उभ्या रेघा? वयाबरोबर येतात, चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांसारख्या. नखं पिवळी? आधी हळद, मेंदी आणि गडद नेलपॉलिश आठवा. पण एकाच बोटाच्या नखावर नवी काळी उभी पट्टी आली आणि ती रुंद होत चालली, तर ते दार आपटल्याचं समजून सोडून देऊ नका. आपल्या सावळ्या लोकांत अशा पट्ट्या बऱ्याचदा निरुपद्रवी असतात, पण ते त्वचारोगतज्ज्ञाने ठरवायचं. बॉब मार्लेच्या पायाच्या अंगठ्यावरचा डाग आधी फुटबॉलची दुखापत वाटला होता. 1977 मध्ये तो कॅन्सर निघाला.

आणि एक करून बघा, आत्ताच. दोन्ही हातांच्या एकाच बोटांची नखं पाठीला पाठ लावून धरा. मध्ये छोटी, शंकरपाळ्यासारखी फट दिसली पाहिजे. फट दिसत नसेल, बोटांची टोकं फुगीर झाली असतील, तर फुफ्फुसं आणि हृदय तपासून घ्यायचं. ही टेस्ट फुकट आहे, हे विशेष.

आमच्याकडे मात्र सगळ्यात जास्त दिसणारं नख वेगळंच. दिवाळीत देवगिरी एक्स्प्रेसने घरी गेले, तेव्हा आत्या वाती वळत बसली होती. तिची नखं मध्ये खोलगट, कडा वर आलेल्या, अगदी चमच्यासारखी. पाण्याचा थेंब ठेवला तर ओघळू नये.

"आत्या, दम लागतो का गं तुला?"

"जिना चढले की लागतो. वय झालं लेकी."

वय कसलं, सेहेचाळीस! डॉक्टरांनी डोळ्यांच्या पापण्या आणि नखं बघून आधी रक्त तपासायला सांगितलं. हिमोग्लोबिन 7.2. मग हळूहळू बाहेर आलं, की पाळीत जास्त रक्त जाणं तिने दोन वर्षं अंगावर काढलं होतं. 'त्यात काय सांगायचं?' हे तिचं उत्तर. 2019 ते 21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. म्हणजे तुमच्या ऑफिसमधली दर दुसरी मैत्रीणसुद्धा त्यात असू शकते, जेलनेल्सखाली.

गंमत अशी, की या दुखण्यावरचं एक पीक आमच्या गावाजवळच तयार झालं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटसोबत 'परभणी शक्ती' हा ज्वारीचा वाण 2018 मध्ये आणला. किलोमागे 45 मिलिग्रॅम लोह. नेहमीच्या ज्वारीत असतं 30च्या आसपास. अर्थात 7.2ला नुसती भाकरी पुरत नाही. आत्याच्या लोहाच्या गोळ्या चालू आहेत, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाणंही झालं. जेवणाबरोबरचा चहा बंद केलाय, कारण त्याने लोह नीट शोषलं जात नाही, आणि याचाच तिला सगळ्यात जास्त राग आहे.

मागच्या आठवड्यात तिने फोटो पाठवला. नखं मुळाकडून सपाट येतायत, टोकाला अजून वाटी आहे. ती कापली जायला अजून दोनेक महिने.