टेफ्लॉनची वायर : गुण त्यातच, अडचणीही त्यातच
(लेखमाला ‘तारेवरचं आवरण’ : लेखांक ७)

गेल्या आठवड्यात आपण पीव्हीसीची मर्यादा पाहिली. घरातल्या साध्या वायरीचं आवरण ७० अंश सेल्सिअसपर्यंतच भरवशाचं. सोल्डरिंग आयर्न चुकून टेकलं की ते वितळून मागे सरकतं आणि तांबं उघडं पडतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर ‘टेफ्लॉन वायर’ मागितलीत, तर पातळ, गुळगुळीत आवरणाची वायर हातात पडेल. तिला आयर्न क्षणभर टेकलं तरी आवरण जागचं हलत नाही.

या आवरणाचं नाव पीटीएफई. अमेरिकेतल्या ड्यूपॉन्ट कंपनीत १९३८ साली रॉय प्लंकेट शीतकांवर काम करत होते. भरलेल्या सिलिंडरमधून वायू येईना, पण वजन तर भरल्याइतकंच. सिलिंडर कापला, तेव्हा आत पांढरी, मेणचट भुकटी निघाली. वायूचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन त्यांच्या लांबच लांब साखळ्या तयार झाल्या होत्या.

साखळीचा कणा कार्बनचा आणि त्याभोवती फ्लोरिनचं दाट कवच. कार्बन-फ्लोरिन बंध अतिशय बळकट असल्याने पीटीएफई २६० अंशांवरही सतत काम करतं. आम्लं, तेलं, द्रावकं त्याला बाधत नाहीत. विजेच्या दृष्टीनेही ते सरस. त्याचा विद्युत अपारकतांक सुमारे २.१, तर पीव्हीसीचा तीनच्या वर. अपारकतांक कमी असला की उच्च वारंवारतेचे संदेश कमी क्षीण होतात. म्हणून रडार आणि दूरसंचाराच्या कोअ‍ॅक्सियल केबलमध्ये पीटीएफईला मान आहे.

पण हाच भक्कमपणा कारखान्यात डोकेदुखी ठरतो. पीटीएफई ३२७ अंशांना वितळतं खरं, पण वाहत नाही. त्यामुळे पीव्हीसीसारखं पातळ करून तारेवर चढवता येत नाही. मग त्याच्या भुकटीत वंगण कालवतात, तो लगदा चकलीच्या सोऱ्यासारख्या यंत्रातून दाबून तारेभोवती बसवतात, वंगण उडवून लावतात आणि शेवटी भट्टीत भाजतात. आतली तारही साधी चालत नाही. तांब्यावरचं कथील २३२ अंशांनाच वितळतं, म्हणून २०० अंशांपर्यंतच्या वायरीत चांदीचा मुलामा असतो आणि २६० साठी निकेलचा. किंमत चढते ती इथेही.

न वाहण्याची अडचण टाळायला याच फ्लोरोपॉलिमर घराण्यातली भावंडं आली. एफईपी वितळवून सरळ चढवता येतं, पण मर्यादा २०० अंश. पीएफए तसंच चढतं आणि २६० अंशही सोसतं, मात्र महाग पडतं. ईटीएफई १५० अंशांपर्यंतचं, पण चिवट आणि हलकं, म्हणून विमानांच्या वायरिंगमध्ये चालतं. पीटीएफईचा आणखी एक दोष म्हणजे सततच्या दाबाखाली ते हळूहळू सरकतं. पत्र्याच्या धारेवर आवळून बांधलेल्या वायरीचं आवरण कालांतराने तिथेच पातळ होतं.

आणि टेफ्लॉन ‘जळत नाही’ असं म्हणतात, ते हवेपुरतं खरं. अपोलो १३ या अंतराळयानाच्या ऑक्सिजन टाकीतल्या वायरींना टेफ्लॉनचंच आवरण होतं. टाकीतले थर्मोस्टॅट २८ व्होल्टसाठी बनवलेले. उड्डाणापूर्वी टाकी रिकामी करताना हीटरला ६५ व्होल्ट दिले गेले. थर्मोस्टॅटचे संपर्कबिंदू चिकटून बसले, हीटर तासन्‌तास चालू राहिला आणि आवरण खराब झालं. एप्रिल १९७० मध्ये चंद्राच्या वाटेवर टाकीतला पंखा चालू करताच ठिणगी पडली, दाबाखालच्या शुद्ध ऑक्सिजनमध्ये टेफ्लॉन पेटलं आणि टाकी फुटली. तिघे अंतराळवीर कसेबसे परतले. प्लॅस्टिक कमअस्सल नव्हतं. त्याला मर्यादेपलीकडे तापवलं गेलं होतं.

तेव्हा ओव्हन किंवा हीटरच्या तापणाऱ्या भागाजवळ कारखान्याने टेफ्लॉनची वायर दिली असेल, तर दुरुस्तीत तिच्या जागी पीव्हीसी जोडू देऊ नका. आणि घरातल्या साध्या वायरिंगसाठी टेफ्लॉनवर पैसे घालवू नका. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, तांब्यासाठी या वायरी कधीही जाळू नका. फार तापलेल्या फ्लोरोपॉलिमरमधून हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू निघतात आणि फुप्फुसांना इजा करतात. आवरण स्ट्रिपरनेच सोला.