भूप की देशकार? पावसाळी संध्याकाळची स्वरकोडी

जावळी तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेल्या मेढ्याला महाबळेश्वरकडून येणारा पाऊस आषाढ-श्रावणात फारशी उसंत देत नाही. वेण्णा दुथडी भरून वाहते, बाजारपेठेत गिऱ्हाईक तुरळक असते आणि चातुर्मासात सूर्यास्तापूर्वी जेवण उरकणाऱ्या घरांत त्यानंतरची संध्याकाळ बरीच लांब वाटते. दिवसाचा जमाखर्च मिटला की हातात मोबाइल येतोच. त्यावर वेळ कसा घालवावा, एवढाच प्रश्न उरतो. या प्रश्नाचे एक रसिक उत्तर असे, की गावोगावी विखुरलेल्या पाच-सहा स्नेह्यांनी एकमेकांना शास्त्रीय संगीताची कोडी घालावीत आणि रात्री झोपण्यापूर्वी ती सोडवावीत. मेढ्यातील काका, साताऱ्यातील भाची, मिरजेतील व्याही आणि मुंबईतील शाळासोबती यांना एकत्र बसवण्यास एरवी लग्नकार्यच लागते. येथे एक कोडे पुरते.

कोडे उत्तम असेल तर त्याचे उत्तर मिळाल्यावर गोष्ट संपत नाही. उदाहरणार्थ हे पाहावे : १८७२ या एकाच वर्षी दोन गवई जन्मले, एक कुरुंदवाडला आणि दुसरा दूर उत्तरेत कैराना येथे. दोघांचीही अखेरची खूण एकाच गावी आहे. ते गवई कोण आणि गाव कोणते?

गाव मिरज. पहिले पं. विष्णु दिगंबर पलुस्कर. लहानपणी दारूकाम उडवताना त्यांच्या डोळ्यांना इजा झाली आणि शालेय शिक्षणाची वाट बंद झाली. पुढे मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांनी गायनाची तालीम घेतली. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि संगीत शिकण्याची सोय सामान्य घरांतील मुलामुलींसाठी खुली केली. २१ ऑगस्ट १९३१ रोजी ते मिरजेत निवर्तले. दुसरे उस्ताद अब्दुल करीम खाँ. मिरजेत स्थायिक झालेले खाँसाहेब ऑक्टोबर १९३७ मध्ये मद्रासहून पाँडिचेरीस निघाले असता वाटेत प्रकृती बिघडल्याने सिंगपेरुमाळकोइल या लहानशा स्थानकावर उतरले आणि तेथेच त्यांनी देह ठेवला. त्यांचे दफन मिरजेत, मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात झाले. तेथे उरुसाच्या वेळी गवई आजही त्यांच्या स्मरणार्थ हजेरी लावतात.

नावे सांगून जो थांबला त्याला गुण मिळतात, पण खरी मौज पुढे असते. एकाने संस्था उभारली, दुसऱ्याने गळ्याच्या सुरेलपणाने एक घराणे नावारूपास आणले. मग कोणी विचारतो, गवयांना मिरजच का मानवली? त्यावर आश्रय देणाऱ्या संस्थानिकांची आठवण निघते, तंतुवाद्यांच्या कारागिरांची निघते. मिरजेच्या सतार व तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही बातमी कोणीतरी पुढे करतो. येथेच एक खोडकर कोडे जन्मते : परीक्षेत मिळाला तर रडू येते आणि तंबोऱ्याला मिळाला तर तो गाऊ लागतो, असे काय? उत्तर भोपळा! पंढरपूरच्या बाजूच्या शेतांत पिकणारा हा कडू, जाड सालीचा भोपळा वाळवून, पोखरून तंबोऱ्याचे पोट तयार होते. घरातील लहान मुलांना सामील करून घेण्यास असे एक कोडे दहा चरित्रांपेक्षा अधिक उपयोगी पडते.

मात्र माहितीच्या कोड्यांना एक उणेपण आहे. शोधयंत्रावर दोन शब्द टाकले की साल आणि गाव दोन्ही समोर येतात. म्हणून अर्धा तास कोणी मोबाइलवर शोध घ्यायचा नाही, असा नियम मंडळींना करावा लागतो आणि तो पाळला गेला की नाही, हे ज्याचे त्यालाच ठाऊक. दुसरा धोका याहून मोठा. चुकीचे साल एकदा एका समूहात गेले की ते दहा समूहांत फिरते. वहीत एक आकडा चुकला तर वर्षअखेरीस मेळ बसत नाही, हे व्यापाऱ्याच्या घरात सांगावे लागत नाही. कोडे घालणाऱ्यानेही उत्तराचा ताळा आधी स्वतः करावा, एवढीच अपेक्षा.

ज्या कोड्यांपुढे शोधयंत्राचे फारसे चालत नाही, ती कानाची कोडी. भाचीने साताऱ्याहून अर्ध्या मिनिटाची ध्वनिफीत पाठवली असे समजावे. तिच्याच आवाजातील आलाप आहे. स्वर पाचच, सा रे ग प ध. मध्यम नाही, निषाद नाही. मेढ्यातील काका तत्काळ लिहितात, भूप! मिरजेतील व्याही थोडे थांबून लिहितात, देशकार. मग सगळेच गोंधळात पडतात, कारण दोन्ही रागांत स्वर तेच आहेत.

अशा वेळी फीत पुन्हा ऐकण्याखेरीज उपाय नसतो. भूप हा रात्रीच्या पहिल्या प्रहरी गायचा राग. त्याचा वादी स्वर गंधार. गाणारा पुन्हा पुन्हा गंधारावर येऊन विसावतो आणि रागाचा विस्तार सप्तकाच्या पूर्वांगात शांतपणे होतो. देशकार सकाळचा, त्याचा वादी धैवत. त्याची धाव उत्तरांगाकडे, वरच्या षड्जाकडे असते आणि धैवतावर ठेवलेला स्वर उजळ वाटतो. थाटांच्या वर्गवारीत भूप कल्याणात बसतो, देशकार बिलावलात. पण हे सर्व पाठ असूनही कान चुकतो. पाठांतर पुढे धावते आणि कान मागे राहतो.

धान्याच्या दुकानात बसलेल्यास ही गोष्ट नवी नाही. आंबेमोहोर आणि इंद्रायणी शेजारी ठेवले तर नवखा माणूस पाटी वाचतो. जाणता मूठभर उचलून वास घेतो. तांदूळ दोन्ही पांढरेच. पारख दाण्यांच्या यादीत नसते आणि रागाची ओळखही स्वरांच्या यादीत नसते. कोणता स्वर कोठे थांबला, कोणाला नुसता स्पर्श झाला, कोणत्या वाटेने खाली उतरले, यावर ती ठरते. ‘भूप’ असे घाईने लिहिणाऱ्या काकांना पुढच्या वेळी रेडिओवर देशकार लागला, तर त्यांचा हात तराजूवर क्षणभर थबकणारच. हरण्यातील हा लाभ जिंकणाऱ्यास मिळत नाही.

प्रश्नोत्तरांतून संगीत शिकवण्याची ही रीत मराठीला परकी नाही. वकिलीचे शिक्षण घेतलेल्या पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी आपला ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ हा बृहद्ग्रंथ चार भागांत मराठीत लिहिला, तोही गुरु-शिष्य संवादाच्या रूपाने. शिष्य शंका काढतो, गुरु दोन सारख्या रागांतील भेद उलगडतो, मतभेद असेल तेथे तो आहे असे सांगतो. आजचे समूह नकळत हाच संवाद चालवत आहेत. फरक इतकाच की येथे गुरुपद रोज फिरते.

जैन घरांतील मंडळींनी घालावे असेही एक कोडे या क्षेत्रात आहे : इ. स. १३५० मध्ये रचलेला, रागांना देवतारूप कल्पून त्यांची वर्णने देणारा संस्कृत ग्रंथ कोणता आणि कर्ता कोण? ‘संगीतोपनिषत्सारोद्धार’, कर्ते श्वेतांबर मुनी सुधाकलश. त्यांच्याही आधी दिगंबर आचार्य पार्श्वदेव यांनी ‘संगीतसमयसार’ लिहून ठेवला आहे. ही दोन्ही नावे कोड्यात प्रथमच भेटावीत, अशी घरे पुष्कळ असतील.

काही अडचणी निव्वळ यंत्राच्या आहेत. व्हिडिओ कॉलवर तंबोरा लावला तर तो मधेच नाहीसा होतो. पंख्याच्या घरघरीसारखा सतत येणारा आवाज गोंगाट समजून यंत्र तो गाळून टाकते. ज्या नादावर सगळा डोलारा उभा, तोच गाळला जातो! सेटिंगमध्ये आवाज गाळण्याची ही सोय बंद करता येते. तसेच कॉलवर दोघांनी एकत्र गाणे साधत नाही, कारण आवाज पोहोचण्यास क्षणभर उशीर लागतो आणि सम हुकते. त्यापेक्षा आलाप ध्वनिमुद्रित करून पाठवावा आणि बाकीच्यांनी तो आपापल्या सवडीने, शक्यतो कानाला हेडफोन लावून ऐकावा.

भूप-देशकाराचा वाद मिटला की जुनेजाणते एक अवघड त्रिकूट पुढे सरकवतात : मारवा, पूरिया, सोहनी. तिन्हींत ऋषभ कोमल, मध्यम तीव्र आणि पंचम वर्ज्य. मारव्यात ऋषभ-धैवत अधिकार गाजवतात आणि षड्ज पुष्कळ वेळ हुलकावणी देतो. पूरिया मंद्रात, गंधार-निषादांच्या सोबतीने रेंगाळतो. सोहनी तार षड्जाभोवती चपळपणे फिरते. तीन फिती, क्रम उलटसुलट, उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी. रात्री अकराला मिरजेहून एक ओळ येते : दुसरी फीत पुन्हा पाठवा, पावसाच्या आवाजात मंद्र निषाद नीट ऐकू आला नाही.