हेलपाटा वाचवणारे पान

श्रोतेहो, भीमाकाठच्या वडगाव रासाईचा एखादा शेतकरी अर्ज घेऊन शिरूरच्या कचेरीत गेला, रांगेत उभा राहिला, आणि खिडकीशी पोचल्यावर कळले की गट नंबर लिहायचाच राहिला. तर काय होते? दिवस मोडतो. तोच कागद गावात गुरुजींच्या नजरेखालून गेला असता, तर हेलपाटा वाचला असता.

इंटरनेटवरील अर्जाचेही असेच आहे. मोबाइलवर अर्ज भरून आपण बटण दाबतो, मजकूर दूरच्या संगणकाकडे जातो. त्याला सर्व्हर म्हणतात. एक आकडा कमी पडला तरी तो अर्ज परत धाडतो. गावात रेंज तोकडी, त्यातून मुदतीचा शेवटचा दिवस. कधी कधी भरलेले सारे पुसूनही जाते!

यावरचा एक उपाय म्हणजे जावास्क्रिप्ट. ही भाषा १९९५ साली ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीत अवघ्या दहा दिवसांत उभी केली. तिच्यातल्या सूचना पानाबरोबर आपल्या मोबाइलवर येतात आणि तिथेच काम करतात. हेच आपले गावातले गुरुजी समजा. मोबाइल नंबर १० आकडी आहे का, पिनकोड ६ आकडी आहे का, हे ते जागच्या जागी पाहतात. आधार नंबरातला बारावा आकडा तर आधीच्या ११ आकड्यांवरून हिशेबाने काढलेला असतो. त्यामुळे कोणताही एक आकडा चुकला की हिशेब जुळत नाही, आणि चूक तिथेच उमगते. तालुका निवडल्यावर फक्त गावांची यादी बदलायची, बाकीचे पान तसेच ठेवायचे, हेही याच भाषेने साधते.

मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. गुरुजींनी कागद पाहिला, म्हणून कचेरीची तपासणी टळत नाही. मोबाइलवरची तपासणी कोणीही चुकवू शकतो. तेव्हा सर्व्हरने पुन्हा तपासलेच पाहिजे. दुसरे, सूचनांचे ओझे फार झाले, तर साधा मोबाइल त्याखालीच दमतो.

शिक्षकांनी वर्गात एक प्रयोग करावा. एखादा अर्ज उघडावा, इंटरनेट बंद करावे, आणि नऊच आकड्यांचा मोबाइल नंबर भरून पाहावा. चूक लगेच दिसली, तर समजावे की पान करणाऱ्याने आपल्या वेळेची कदर केली आहे.