औद्योगिक सांडपाण्याचे शुद्धीकरण आणि तेलनिर्मिती : स्निग्धसंचयी सूक्ष्मजीवांची क्षमता व मर्यादा

प्रस्तावना

दुग्धप्रक्रिया, खाद्यतेल, स्टार्च, साखर, मद्यार्क अशा कृषिमालावर आधारलेल्या उद्योगांच्या सांडपाण्यात विषारी द्रव्यांपेक्षा अन्नद्रव्येच अधिक असतात. शर्करा, स्निग्ध पदार्थ व प्रथिने ही एरव्ही उपयुक्त असलेली द्रव्ये नदीत मिसळली की तेथील जिवाणू त्यांवर वाढतात, पाण्यातील विरघळलेला ऑक्सिजन संपवितात आणि मासे गुदमरून मरतात. म्हणजे हे प्रदूषण वस्तुतः अस्थानी पडलेले अन्न होय. तेच अन्न नदीऐवजी कारखान्याच्या आवारातच सूक्ष्मजीवांना दिले आणि त्यांच्याकडून तेल मिळविले, तर एकाच प्रक्रियेत दोन हेतू साध्य होतील, ही कल्पना आकर्षक आहे. परंतु शुद्धीकरण आणि तेलनिर्मिती ही दोन उद्दिष्टे नेहमीच एका दिशेने जात नाहीत. त्यांचा मेळ कोठे बसतो आणि कोठे बसत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

स्निग्धसंचयी सूक्ष्मजीव म्हणजे काय?

प्रत्येक सजीव पेशीत थोडाफार मेद असतोच. मात्र ज्या सूक्ष्मजीवांच्या पेशींत शुष्क वजनाच्या २० टक्क्यांहून अधिक मेद साठू शकतो, त्यांना स्निग्धसंचयी म्हटले जाते. यारोविया लिपोलिटिका हे यीस्ट, मॉर्टिएरेला व म्युकर या बुरशी, ऱ्होडोकॉकस ओपेकस हा जिवाणू आणि काही सूक्ष्म शैवाले ही त्यांची परिचित उदाहरणे होत. यीस्ट व बुरशी यांच्यातील मेद मुख्यतः ट्रायग्लिसराइड स्वरूपात, म्हणजे आपल्या वनस्पतिजन्य तेलांप्रमाणेच असतो. त्यामुळे त्यापासून जैवडिझेल, साबण वा वंगण तयार करता येते.

तेल साठण्याची प्रक्रिया

तेल साठण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग शर्करेपासून तेल घडविण्याचा. पेशीला वाढण्यासाठी कर्बाबरोबर नत्रही लागतो, कारण नत्राशिवाय प्रथिने व केंद्रकाम्ले तयार होत नाहीत. माध्यमातील नत्र संपला आणि शर्करा मात्र शिल्लक राहिली, तर पेशींचे विभाजन थांबते. शर्करेचे शोषण थांबत नाही. अशा वेळी पेशीतील तंतुकणिकांमध्ये सायट्रिक आम्ल साचते व बाहेर पेशीद्रवात येते. तेथे एटीपी-सायट्रेट लायेज हे विकर त्याचे विघटन करून असेटिल-कोएन्झाइम-ए निर्माण करते आणि त्यापासून मेदाम्ले बनतात. थोडक्यात, कर्बाची विपुलता आणि नत्राची चणचण ही या मार्गाची पूर्वअट आहे.

दुसरा मार्ग तेलकट सांडपाण्यात दिसतो. येथे सूक्ष्मजीव लायपेज विकराने बाहेरील स्निग्ध पदार्थांचे विघटन करतो, सुटी झालेली मेदाम्ले शोषून घेतो आणि त्यांत फेरबदल करून ती साठवितो. या मार्गात नत्र संपण्याची वाट पाहावी लागत नाही.

या भेदावरून सांडपाण्याच्या निवडीचा निकष मिळतो. ज्या पाण्यात शर्करा भरपूर व नत्र कमी आहे, किंवा जे मुळातच तेलकट आहे, तेथेच तेलनिर्मितीची अपेक्षा रास्त ठरते. नत्रयुक्त सांडपाण्यात सूक्ष्मजीव वाढतील, पाणीही काही अंशी शुद्ध होईल; परंतु तेल फारसे मिळणार नाही.

निवळीचे उदाहरण

चीज काढल्यावर उरणारी निवळी हे पहिल्या मार्गाचे उत्तम उदाहरण आहे. अमेरिकेतील आयोवा राज्य विद्यापीठातील संशोधकांनी १९७८ मध्ये निवळीपासून तेल देणाऱ्या यीस्टवरील अभ्यास प्रसिद्ध केला. निवळीत दुग्धशर्करा सुमारे ४.५ टक्के असते. प्रथिने गाळून काढली की नत्र घटतो आणि तेल साठण्यास अनुकूल स्थिती निर्माण होते.

याचा हिशेब उद्‌बोधक आहे. १,००० लिटर निवळीत सुमारे ४५ किलो दुग्धशर्करा असते. तिच्या पूर्ण ऑक्सिडीकरणास सुमारे ५० किलो ऑक्सिजन लागतो, म्हणजेच रासायनिक ऑक्सिजन मागणी (सीओडी) प्रतिलिटर सुमारे ५०,००० मिलिग्रॅम होते. शर्करेच्या एक पंचमांश वजनाइतके तेल मिळाले असे धरल्यास ९ किलो तेल हाती येईल. एक किलो तेलाची ऑक्सिजन मागणी सुमारे २.९ किलो असते. म्हणून ९ किलो तेलाबरोबर सुमारे २६ किलो मागणी, म्हणजे निम्म्याहून थोडा अधिक प्रदूषणभार, पाण्याबाहेर काढता येतो. मात्र त्यासाठी पेशी पाण्यातून पूर्णपणे वेगळ्या कराव्या लागतात. त्या पाण्यातच राहिल्या, तर शर्करेचा भार केवळ रूप बदलून तेथेच राहील.

मुंबईच्या सागरातील यीस्ट

दुसऱ्या मार्गाचे उदाहरण महाराष्ट्रातील आहे. मुंबईजवळच्या सागरी पाण्यातून वेगळे केलेले यारोविया लिपोलिटिका हे यीस्ट पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील सूक्ष्मजीव संग्रहात एनसीआयएम ३५८९ या क्रमांकाने जतन केले आहे. पुणे विद्यापीठातील संशोधकांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या यीस्टचा उपयोग भारतातील एका पामतेल गिरणीच्या सांडपाण्यावर केला. मूळ सीओडी प्रतिलिटर सुमारे २,५०,००० मिलिग्रॅम होती. दोन दिवसांच्या प्रक्रियेत ती सुमारे ९५ टक्क्यांनी घटली. त्यानंतर रासायनिक साकळण आणि बागेतील मातीतून मिळविलेला सूक्ष्मजीवसमूह यांच्या साहाय्याने ती १,५०० मिलिग्रॅमपर्यंत खाली आली. याच यीस्टमध्ये वापरलेल्या खाद्यतेलावर वाढविले असता जैवडिझेलसाठी उपयुक्त तेल साठते, असे २०१२ मध्ये दाखविण्यात आले.

हे यश मोठे आहे. तथापि टक्केवारीचा अर्थ सावधपणे लावला पाहिजे. ९५ टक्के घट झाल्यावरही पाण्यात प्रतिलिटर सुमारे १२,५०० मिलिग्रॅम सीओडी उरते. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मधील सर्वसाधारण मानकांनुसार नदी-जलाशयांत सोडावयाच्या सांडपाण्याची सीओडी २५० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी. अंतिम १,५०० हा आकडाही त्या मर्यादेच्या सहापट आहे. नदीला टक्केवारी कळत नाही. तिला प्रत्यक्ष उरलेला भार सोसावा लागतो.

आर्थिक व व्यावहारिक मर्यादा

सूक्ष्मजीवजन्य तेलाचे पहिले व्यापारी उत्पादन इंग्लंडमध्ये सेल्बी येथे १९८५ मध्ये सुरू झाले. म्युकर बुरशीपासून गॅमा-लिनोलेनिक आम्लयुक्त तेल तेथे काढले जाई. वनस्पतिजन्य पर्याय स्वस्त झाल्याने १९९० मध्ये ते थांबले. तेथे कच्चा माल शुद्ध ग्लुकोज होता. सांडपाणी वापरल्यास कच्च्या मालाचा खर्च वाचतो, हे खरे. परंतु सतत हवा पुरविणे, अन्य जिवाणूंचा शिरकाव रोखणे, सूक्ष्म पेशी वेगळ्या करणे व त्या फोडून तेल काढणे हे खर्च कायम राहतात.

शिवाय बायोगॅस हा प्रबळ प्रतिस्पर्धी आहे. विनॉक्सी पचनात एक किलो सीओडीपासून सैद्धांतिकदृष्ट्या ०.३५ घनमीटर मिथेन मिळतो आणि हवा पुरवावी लागत नाही. उपरोक्त १,००० लिटर निवळीतून साडेसतरा घनमीटरपर्यंत मिथेन निघू शकेल. ९ किलो तेलाचे मूल्य त्याहून अधिक असेल तेव्हाच तेलाचा मार्ग परवडेल.

महाराष्ट्रातील मळीवर आधारित आसवन्यांच्या स्पेंट वॉशचा विचार करताना आणखी एक अडचण येते. त्याचा गडद तपकिरी रंग मेलॅनॉइडिन या विघटनास चिवट द्रव्यांमुळे येतो. यीस्टने सुलभ कर्ब संपविला तरी तो रंग बव्हंशी टिकून राहतो.

समारोप

स्निग्धसंचयी सूक्ष्मजीव हे सांडपाणी प्रक्रियेला पर्याय नसून तिचा पहिला टप्पा होऊ शकतात. तेल साठण्यासाठी शर्करा विपुल हवी, तर शुद्ध पाण्यात ती जवळजवळ नसावी. म्हणून तेल काढून झाल्यावर उरलेल्या पाण्यावर पुढील जैविक प्रक्रिया अपरिहार्य ठरते. आपल्या महाविद्यालयांत या विषयावर विद्यार्थी प्रकल्प हाती घेताना केवळ पेशींतील तेलाची टक्केवारी नोंदविणे पुरेसे नाही. आरंभीचे कर्ब-नत्र प्रमाण, प्रतिलिटर मिळालेले तेल आणि पेशी वेगळ्या केल्यानंतर पाण्यात उरलेली सीओडी हे तीनही आकडे एकत्र मांडले जावेत. पहिल्या दोन आकड्यांवरून उद्योजकाला निर्णय घेता येईल. तिसऱ्यावर नदीकाठच्या गावाचे पाणी अवलंबून आहे.