प्रतिस्पर्धी हरवतो तेव्हा

मराठीत ‘हरवणे’ हे क्रियापद दोन अर्थांनी वापरतात. मैदानात आपण प्रतिपक्षाला हरवतो, हा एक अर्थ. आणि घरातली किल्ली हरवते, हा दुसरा. पहिल्या हरवण्यात आनंद आहे, दुसऱ्यात चुटपुट आहे. ज्याला हरवण्यासाठी सारे शहर सोळा वर्षे जिवाचे रान करीत होते, तो प्रतिपक्षच एके दिवशी दुसऱ्या अर्थाने हरवला, तर मागे राहिलेल्यांचे काय होते, हा आमच्या आजच्या विवेचनाचा विषय आहे. उदाहरण दूरचे, कॅनडातील बर्फावरच्या हॉकीचे आहे. परंतु त्यातली माणसे परकी वाटणार नाहीत, असा आमचा विश्वास आहे.

प्रथम त्या खेळाविषयी दोन शब्द. हॉकी म्हटली म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे मैदान आणि अकरा गडी येतात. कॅनडातील हॉकी निराळी. सुमारे २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद अशा बर्फाच्या पटांगणावर, पायांत पोलादी पात्यांचे बूट चढवून, प्रत्येक बाजूचे सहा गडी ती खेळतात. चेंडूऐवजी कडक रबराची चपटी चकती असते. तिला ‘पक’ म्हणतात. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव होतात. अंगाने अंगाला धक्का देण्याची नियमांनीच मुभा दिलेली आहे. मर्यादा ओलांडणाऱ्याला दोन किंवा पाच मिनिटे बाहेरच्या बाकावर बसवतात. व्यावसायिक संघांची सर्वांत मोठी संघटना म्हणजे ‘नॅशनल हॉकी लीग’, आणि तिचे सर्वोच्च बक्षीस म्हणजे स्टॅन्ली करंडक. हंगामाच्या अखेरीस निवडक संघ त्या करंडकासाठी एकमेकांशी सामन्यांच्या मालिका खेळतात. मालिका हरणारा बाद होतो.

आता स्थळ पाहू. क्वेबेक हा कॅनडाचा फ्रेंचभाषी प्रांत. सेंट लॉरेन्स नदीच्या काठी त्याची दोन मुख्य शहरे वसली आहेत. एक माँट्रियल, मोठे आणि व्यापारी; दुसरे क्वेबेक, १६०८ साली वसलेले, लहान, जुने, प्रांताची राजधानी. दोहोंत अंतर सुमारे २५० किलोमीटर. माँट्रियलचा ‘कॅनेडियन्स’ हा संघ १९०९ साली स्थापन झाला आणि पुढे साऱ्या फ्रेंचभाषी समाजाच्या अभिमानाचा विषय झाला. क्वेबेक शहरातली माणसेही त्याच संघाची भक्त होती. मात्र या भक्तीत एक सल होता. जाँ बेलिव्हो हा खेळाडू क्वेबेकच्या प्रेक्षकांपुढे नावारूपाला आला, आणि १९५३ साली माँट्रियलने त्याला नेले. गी लाफ्लर क्वेबेकच्या कुमार संघात चमकला, आणि १९७१ साली तोही माँट्रियलला गेला. धाकट्या शहराने वाढवावे आणि थोरल्याने न्यावे, असा हा प्रकार होता.

१९७२ साली नॅशनल लीगशी स्पर्धा करणारी एक नवी संघटना निघाली, आणि तिच्यात क्वेबेक शहराला स्वतःचा संघ मिळाला. त्याचे नाव ‘नॉर्दिक’, म्हणजे उत्तरेकडचे. त्याचा पहिला प्रशिक्षक कोण असावा? माँट्रियलचा सर्वांत लाडका वीर मॉरिस रिशार! त्याने अवघ्या दोन सामन्यांनंतर काम सोडले, ही गोष्ट वेगळी. परंतु नव्या संघाची नाळ जुन्याच घराला जोडलेली होती, एवढे यावरून दिसते. म्हणूनच पुढे जे घडले त्याला वैर म्हणण्यापेक्षा आपला भाऊबंदकी हा शब्द अधिक शोभेल. परक्याशी माणूस भांडतो आणि विसरतो. भाऊबंदांचे भांडण घराघरांतून जेवणाच्या ताटापर्यंत येते.

ही भाऊबंदकी सुरू झाली ती बर्फावर नव्हे, मतपेटीत. १९७९ साली नवी संघटना मोडकळीस आली आणि तिच्यातील चार संघांना नॅशनल लीगमध्ये घ्यावे असा ठराव पुढे आला. त्या चारांत नॉर्दिक होता. मार्चमधील पहिल्या मतदानात माँट्रियलने विरोध केला आणि ठराव फेटाळला गेला. त्या वेळी माँट्रियलचा संघ मोल्सन या बियर बनविणाऱ्या कंपनीच्या मालकीचा होता, आणि नॉर्दिकची मालकी तिच्या प्रतिस्पर्धी कार्लिंग ओकीफ कंपनीकडे होती. ज्या शहरांचे संघ बाहेर राहिले, तेथील नागरिकांनी मोल्सनच्या बियरवर बहिष्कार पुकारला. दोनच आठवड्यांनी पुन्हा मतदान झाले, माँट्रियलने मत बदलले आणि ठराव संमत झाला. क्वेबेकमध्ये पेल्यात कोणती बियर आहे यावरून माणसाचा पक्ष ओळखू लागले, तो हा काळ.

याच काळात प्रांताने कॅनडातून वेगळे व्हावे काय, हा प्रश्न पेटलेला होता. १९८० साली त्यावर सार्वमत झाले आणि सुमारे साठ टक्के मतदारांनी नकार दिला. नॉर्दिकच्या निळ्या गणवेशावर प्रांताच्या ध्वजावरील लिलीचे चिन्ह होते. त्यामुळे तो संघ प्रांताभिमान्यांचा आणि माँट्रियलचा संघ जुन्या व्यवस्थेचा, अशी वाटणी लोकांनी करून टाकली. ही वाटणी फार ढोबळ होती. माँट्रियलचा पक्ष घेणारे कित्येकजण कट्टर प्रांताभिमानी होते. पण खेळ हा ढोबळ भावनांना पटकन आकार देतो, आणि येथे तसेच झाले.

यात भर पडली ती लीगच्या रचनेची. १९८१ साली दोन्ही संघ एकाच गटात आले. हंगामात त्यांची आठ वेळा गाठ पडू लागली, आणि करंडकाच्या पहिल्या मालिका गटातल्या गटातच होत असल्यामुळे वसंत ऋतूत पुनःपुन्हा समोरासमोर येणे भाग पडले. दोन शेजाऱ्यांमधला द्वेष वाढवावयाचा, तर त्यांना एकाच अंगणात ठेवावे. लीगने नकळत तेच केले. १९८२ ते १९९३ या काळात त्यांच्यात पाच मालिका झाल्या. दोन क्वेबेकने जिंकल्या, तीन माँट्रियलने.

१९८२ साली माँट्रियलच्या प्रसिद्ध ‘फोरम’ क्रीडागृहात निर्णायक पाचवा सामना बरोबरीत सुटला. जादा वेळ सुरू होऊन २२ सेकंद झाले नाहीत तोच डेल हंटरने गोल केला आणि धाकट्या शहराने थोरल्याला घरात शिरून बाद केले. १९८५ साली त्याच फोरममध्ये सातव्या सामन्याच्या जादा वेळेत पीटर श्तास्नीने निर्णायक गोल केला. हा श्तास्नी १९८० साली आपल्या एका भावासह चेकोस्लोव्हाकियातील साम्यवादी राजवटीतून निसटून क्वेबेकला आला होता. तिसरा भाऊ पुढच्या वर्षी आला. १९८७ साली पाचव्या सामन्यात, सामना संपावयास थोडीच मिनिटे उरली असता, नॉर्दिकच्या अलँ कोतेने केलेला गोल पंचाने नाकारला. माँट्रियलने तो सामना आणि अखेर मालिकाही जिंकली. कोतेचा गोल खरा होता की नाही, हा वाद क्वेबेकमध्ये पिढ्या ओलांडून चालत आला आहे.

आणि १९८४ सालची ती गुड फ्रायडेची रात्र. २० एप्रिल रोजी फोरममध्ये दुसऱ्या डावाच्या अखेरीस दोन्ही संघांत हातघाई जुंपली. तिसऱ्या डावासाठी खेळाडू परत आले तेव्हा ती पुन्हा पेटली. श्तास्नीचे नाक मोडले. माँट्रियलचा जाँ हामेल ठोसा लागून बेशुद्ध पडला; तो आदल्या हंगामापर्यंत क्वेबेकच्याच संघात होता. डेल हंटर एका बाजूला होता, तर त्याचा सख्खा भाऊ मार्क दुसऱ्या बाजूला. दहा खेळाडूंना सामन्यातून काढण्यात आले. त्यानंतर दोन गोलांनी मागे असलेल्या माँट्रियलने तिसऱ्या डावात पाच गोल केले आणि ५–३ असा विजय मिळवून मालिका खिशात घातली.

ही भाऊबंदकी संपली ती कोणाच्या पराभवाने नव्हे, तर हिशेबाच्या वहीमुळे. खेळाडूंचे पगार अमेरिकन डॉलरमध्ये द्यावयाचे आणि तिकिटांचा पैसा कॅनडाच्या स्वस्त डॉलरमध्ये यावयाचा. शहर लहान, क्रीडागृह १९४९ सालचे. मालकांनी सरकारकडे मदत मागितली. मालकांना हवी होती ती मदत द्यावयास प्रांतिक सरकार राजी झाले नाही. मे १९९५ मध्ये संघ अमेरिकेतील एका कंपनीला साडेसात कोटी अमेरिकन डॉलरांना विकला गेला आणि कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर शहरी गेला. दैवाचा खेळ असा, की विक्रीपूर्वीच्या हंगामात नॉर्दिकने आपल्या विभागात पहिले स्थान मिळवले होते. पुढच्याच वर्षी, जून १९९६ मध्ये, त्याच खेळाडूंच्या बळावर नव्या नावाने त्या संघाने स्टॅन्ली करंडक जिंकला. क्वेबेककरांनी आपल्या पोरांचा तो विजय दूरदर्शनवर पाहिला.

त्या विजयात गोलरक्षक होता पात्रिक र्वा. हा मूळचा क्वेबेक शहराचा, पण माँट्रियलचा आधारस्तंभ. १९९३ साली नॉर्दिकने पहिले दोन सामने जिंकले असता, पुढचे चार सामने घेऊन माँट्रियलने त्यांना घरी पाठविले आणि पुढे चोविसावा करंडक मिळवला, तो बहुतांशी याच र्वाच्या जोरावर. डिसेंबर १९९५ मध्ये एका मानहानिकारक पराभवानंतर त्याचे माँट्रियलशी बिनसले, आणि त्याला देण्यात आले ते डेन्व्हरला, म्हणजे पूर्वीच्या नॉर्दिकला! नॉर्दिक क्वेबेकमध्येच असता, तर माँट्रियलने हा गोलरक्षक त्याच्या हाती कधीही दिला नसता, असे हॉकीचे जाणकार म्हणत आले आहेत, आणि ते आम्हांला पटते. शत्रू शेजारी असतो तोवर माणूस सावध असतो. तो गेला, आणि माँट्रियलची सावधगिरीही गेली.

आता आमच्या मूळ प्रश्नाकडे वळू. नॉर्दिक जाऊन तीन दशके लोटली. तरी त्याचे निळे गणवेश विकले जातात, आणि ते घालणाऱ्यांत तो संघ गेल्यावर जन्मलेली मुलेही दिसतात. २०१० साली त्याच्या पुनरागमनासाठी क्वेबेकमध्ये हजारो लोकांनी निळे कपडे घालून मोर्चा काढला. यात नवल वाटण्याजोगे थोडे. नवल हे, की माँट्रियलचे जुने रसिकही त्याच हुरहुरीने बोलतात. त्यांचा संघ तर जागेवरच आहे! मग त्यांचे हरवले काय? त्यांचे हरवले ते ज्याच्यापुढे जिंकण्याला मोल होते, ते माणूस. भांडणातला अर्धा हिस्सा गेला की उरलेला अर्धा आपोआप निकामी होतो. दुसऱ्या दिवशी कचेरीत ज्याला टोमणा मारावयाचा, तो सहकारीच आता मैदानात नव्हता. मेव्हण्यांनी मेव्हण्यांशी घालावयाचा वाद उरला नाही, आणि वादाबरोबर एकत्र बसण्याचे एक निमित्तही गेले.

तथापि स्मृतीच्या गोडव्याला भुलून चालणार नाही. आठवणीत गुड फ्रायडेची रात्र मौजेची होते. बेशुद्ध पडलेला हामेल तीत अंधुक होतो. आठवण फार स्वस्तही नसते. शहराने आणि प्रांताने सार्वजनिक पैसा ओतून नवे भव्य क्रीडागृह उभारले. ते सप्टेंबर २०१५ मध्ये उघडले. लीगने २०१६ साली नवा संघ दिला तो लास व्हेगासला. २०२४ साली लॉस एंजेलिसच्या संघाचे सराव सामने क्वेबेकमध्ये व्हावेत म्हणून प्रांतिक सरकारने ५० ते ७० लाख डॉलरांचे साहाय्य देऊ केले, आणि लोकांच्या पैशाचा हा उपयोग योग्य काय, यावर मोठी टीका झाली. ती टीका रास्त होती असे आम्हांस वाटते. इकडे विनिपेग शहराने १९९६ साली संघ गमावला आणि २०११ साली दुसरा मिळविला. म्हणून क्वेबेककरांची आशा अगदीच वेडी आहे असेही म्हणता येत नाही. पण करांचा पैसा खर्चून क्रीडागृह उभारता येते. सोळा वर्षांची भाऊबंदकी उभारता येत नाही.

गी लाफ्लरचे उदाहरण घेऊन आम्ही हे विवेचन पुरे करतो. क्वेबेकने वाढवलेला आणि माँट्रियलने नेलेला हा खेळाडू निवृत्तीनंतर पुन्हा बर्फावर उतरला आणि १९८९ ते १९९१ अशी अखेरची दोन वर्षे नॉर्दिककडून खेळला. २०२२ साली तो वारला तेव्हा दोन्ही शहरे हळहळली. त्याच्यावर आपला हक्क सांगताना त्या दिवशी कोणी कोणाशी भांडले नाही. ज्यांच्याशी आपण आयुष्यभर स्पर्धा केली, त्यांच्याविषयी आपल्या मनात नेमके काय होते, हे ते असताना कळले तर पुष्कळ हुरहूर वाचेल. आपल्यापैकी प्रत्येकाला असा एखादा प्रतिस्पर्धी असेलच. तो अजून शेजारी असेल, तर त्याला जरूर हरवावे. मात्र तो हरवणार नाही, याची काळजी घ्यावी.